तांदळाचा जीनोम आणि ॲलर्जीचा अंदाज

संपादक महोदय,

जीनोम, म्हणजे तांदळाचा संपूर्ण जनुकसंच, वाचून ॲलर्जी आणू शकणारी संशयास्पद प्रथिने हुडकता येतात, हे खरे. पण त्यावरून एखाद्या वाणावर ‘निर्धोक’ असा शिक्का मारणे घाईचे आहे.

आधी जनुकावरून प्रथिनाचा क्रम काढतात. सुरुवातीचा सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाला वाट दाखवणारा छोटा तुकडा, पेशीतच छाटला जातो, म्हणून तो वगळायचा. उरलेला क्रम 80-80 अमिनो आम्लांच्या तुकड्यांत, एकेक घर पुढे सरकत, ज्ञात ॲलर्जनांशी (ॲलर्जी आणणाऱ्या प्रथिनांशी) ताडायचा. जनुकीय बदल केलेल्या अन्नासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाने 2003मध्ये घातलेली रेघ आहे 35 टक्क्यांहून जास्त साम्याची. म्हणजे 80 पैकी 28 जुळली तर सुटका, 29 जुळली की संशयित! सलग सहा जुळली तरी पुरे, ही एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2001च्या तज्ज्ञगटाची कसोटी लावली तर निरुपद्रवी प्रथिनेही ढिगाने अडकतात.

रेघेच्या वर गेलेले सगळे सारखे घातक नसते. प्रोफिलिन हे प्रथिन बहुतेक वनस्पतींत इतके सारखे असते की ते हमखास सापडते. पण शिजवताना त्याची घडी मोडते आणि धोका घटतो. लिपिड ट्रान्सफर प्रोटीन हे दुसरे प्रथिन मात्र चार डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांनी टाचलेले, उष्णतेला आणि पेप्सिन या जठरातल्या पाचक विकरालाही दाद न देणारे. टक्केवारीत हा फरक दिसत नाही.

खरी गोम जीनोमच्या मसुद्यातच असते. तांदळातली 14 ते 16 किलोडाल्टन वजनाची (किलोडाल्टन हे रेणूंच्या वजनाचे एकक) ॲलर्जने अमायलेज-ट्रिप्सिन इनहिबिटर, म्हणजे पाचक विकरांना अडवणाऱ्या प्रथिनांच्या कुळातली. त्यांची जनुके एकमेकांशी इतकी मिळतीजुळती, की जीनोम वाचताना मिळालेले आखूड तुकडे जोडताना दोन प्रतींची एक होते आणि एक ॲलर्जन यादीतून गायब. शिवाय 2005चा संदर्भ जीनोम निप्पोनबारे या एकाच वाणाचा. पुरात तग धरायला मदत करणारे सब१ए जनुक त्यात नाहीच. तशी इतरही नसणार. दुसऱ्या वाणाचा निष्कर्ष त्यावरून कसा काढायचा?

शेवटी रुग्णांच्या रक्तद्रवातले आयजीई (ॲलर्जीतले प्रतिपिंड) त्या प्रथिनाला चिकटते का, हे पाहावेच लागते. सोयाबीनमध्ये घातलेले ब्राझील नटचे प्रथिन ॲलर्जन असल्याचे 1996मध्ये प्रसिद्ध झाले, ते अशाच चाचण्यांमुळे.

म्हणून अशा संशोधनाची बातमी देताना चार गोष्टी छापाव्यात: वाण कोणता, ॲलर्जनांच्या संग्रहाची आवृत्ती कोणती, ते जनुक दाण्यात व्यक्त होते की फक्त परागात, आणि रक्तद्रवाची चाचणी झाली आहे का.

– एक वाचक