मॉडेल रेल्वेला खोली लागत नाही, एक फळी पुरते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मॉडेल रेल्वेवर कुठेही काही छापून आलं की सोबतचा फोटो ठरलेलाच असतो, अख्खा हॉल भरून पसरलेला लेआउट, त्यात डोंगर, पूल, शेकडो डबे, आणि बहुतेक वेळा जर्मनीत हॅम्बर्गला असलेलं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन, मिनिएचर वुंडरलँड. ते भारीच आहे, २००१ साली उघडलं आणि तेव्हापासून वाढतच चाललंय, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो फोटो बघून वाचणारा म्हणतो की एवढी जागा कुठून आणू, एवढे पैसे कुठून आणू, आणि पान उलटतो. मी पण बरीच वर्षं असंच पान उलटलं. म्हणून हे पत्र लिहितेय, कारण हा छंद टेबलाच्या एका कोपऱ्यावर, घरात पडून असलेल्या सामानातून सुरू करता येतो आणि ही गोष्ट कोणी सांगतच नाही.

माझा लेआउट मोडलेल्या कपाटाच्या फळीवर आहे. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी २०. काम झालं की पुस्तकांच्या शेल्फमध्ये जातो. इंजिन, पाच वॅगन, रूळ आणि दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) एवढं विकत घेतलं, ते पण इंजिन जुनं, कोणीतरी वापरलेलं. बाकी सगळं पुठ्ठा, तारा, काड्या, रिफिल, पॅकिंगचा थर्माकोल.

साइज निवडताना नवीन माणूस गोंधळतो. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६० च्या आसपास आणि अंतर ९ मिलिमीटर. त्याहून लहान झेड, १:२२०, अंतर ६.५, ती मर्कलिन या जर्मन कंपनीने १९७२ मध्ये आणली, आणि टी गेज तर फक्त ३ मिलिमीटरचं. फळी लहान आहे म्हणून सगळ्यात लहान साइज घ्यावी असं वाटतं पण माझं मत उलटं आहे, फार लहान इंजिनाला धुळीचा एक कण पण पुरतो अडायला. एन बरोबर. बोटांनी धरता येतं, आणि पाच वॅगन, इंजिन, सांधे हे सगळं ६० सेंटिमीटरमध्ये बसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाडी गोल फिरवायचा हट्ट सोडा. एनच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या २५ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे अर्ध्या मीटरहून जास्त रुंद बोर्ड आलाच. ट्रामसाठी १० सेंटिमीटर त्रिज्येचे रूळ मिळतात पण त्यावर लांब डबे चालत नाहीत. आणि गोल फिरणारी गाडी दहा मिनिटं बघितली की त्यात करण्यासारखं काही उरत नाही, हे मी अनुभवाने सांगते. त्याऐवजी शंटिंग करा, म्हणजे वॅगन सोडत-जोडत हव्या त्या रुळावर नेणं. ॲलन राइट यांनी इंगलनुक नावाचं एक कोडं तयार केलं. तीन सायडिंग, म्हणजे पुढे बंद असलेले बाजूचे रूळ, एकात ५ वॅगन मावतात, उरलेल्या दोनात ३-३, आणि शंटिंग नेकमध्ये, म्हणजे इंजिन मागे घ्यायच्या रुळावर, इंजिन अधिक ३ वॅगन. एकूण ८ वॅगन असतात, चिठ्ठ्या काढून ५ निवडायच्या आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने गाडी जोडायची. एकूण ६७२० वेगवेगळ्या गाड्या होतात. माझी फळी लहान म्हणून मी ३-२-२ ची आवृत्ती केली, नेकमध्ये इंजिन अधिक २, पाच वॅगनमधून तीनची गाडी, म्हणजे ६० गाड्या. सोपी वाटते. पण हवी ती वॅगन कायम दुसरीच्या मागे अडकलेली असते, मग पुढची काढून दुसरीकडे ठेवायला जावं तर तिथे जागा नसते, आणि यात संध्याकाळ कधी गेली कळत नाही.

फळी लहान वाटत नाही याचं खरं कारण वेग आहे. यार्डात शंटिंग करणारं इंजिन ताशी १० किलोमीटरने चाललंय असं धरा, १:१६० मध्ये तो वेग सेकंदाला १.७ सेंटिमीटर येतो, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला ३५ सेकंद. पस्तीस सेकंद गाडी नुसती बघत बसायची! लोक इंजिन मिळालं की सुसाट सोडतात आणि दोन सेकंदात फळी संपते, मग म्हणतात जागा कमी पडते.

सामानाचं सांगते. साधा पुठ्ठा एका बाजूने गोंद लावला की वाकतो, म्हणून तीन थर, मधला आडवा, दोन्ही बाजूंना पांढरा गोंद आणि रात्रभर जाड पुस्तकांच्या खाली. बिल्डिंगच्या भिंती अशाच केल्यात. माणूस १:१६० मध्ये जेमतेम १ सेंटिमीटरचा, दार साडेबारा मिलिमीटरचं. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवलेत कारण अंदाजाने केलं की दारं हमखास मोठी होतात आणि झाडं लहान. दहा मीटरचं झाड सव्वासहा सेंटिमीटर उंच पाहिजे, आम्ही सगळे तीन सेंटिमीटरचं करतो. रुळाखालची खडी म्हणून दुकानातले दाणे टाकले तर ते धोंड्यांसारखे दिसतात, खरी खडी ५० मिलिमीटरची धरली तर इथे ०.३ मिलिमीटर येते, म्हणजे फडक्यातून चाळलेली बारीक वाळू झाली. ती पसरायची, बारीक ब्रशने स्लीपरवरून (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवरून) ढकलायची, आणि मग पाणी घातलेला पातळ गोंद ड्रॉपरने सोडायचा, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब नसला तर गोंदाचे गोळे होऊन वाळूवर नुसते बसून राहतात, आत जात नाहीत.

पत्र्याच्या शेडचं छप्पर हा माझा सगळ्यात आवडता भाग. आधी खोक्याचा पन्हाळी कागद लावला, पण त्याचे पन्हाळे एवढे मोठे की शेड शेडसारखी दिसेचना. मग एक एम-५ चा बोल्ट घेतला, त्याच्या आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर असतं. जुना माउसपॅड खाली, त्यावर ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी, आणि बोल्ट दाबून एकाच दिशेने एकदाच लाटल्यासारखा फिरवायचा. दुसऱ्यांदा फिरवला तर आधीच्या रेघा मोडतात. फॉइल उचललं की बारीक पन्हाळे एका ओळीत उठलेले असतात. खऱ्या पत्र्यात हे अंतर ७६ मिलिमीटर, त्यामुळे एचओमध्ये हे जवळपास बरोबर बसतं आणि एनमध्ये बरंच जाड पडतं, पण डोळा ते मान्य करतो. वरून पाणी घालून पातळ केलेला तपकिरी रंग फिरवला की तो खाचांत बसतो आणि गंज चढल्यासारखं दिसतं. ते पहिलं छप्पर हातात घेऊन मी किती वेळ बसले होते.

चुका पण सांगते म्हणजे दुसऱ्या कोणाच्या होणार नाहीत. थर्माकोलची टेकडी दोन दिवस कोरून झाली आणि त्यावर मी स्प्रे पेंट मारला, टेकडी डोळ्यासमोर खाली बसली, भोकंच भोकं पडली. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं, उग्र वासाचे पातळ गोंद पण तसेच. थर्माकोलवर फक्त पाण्याचे ॲक्रिलिक रंग आणि पांढरा गोंद. दुसरी चूक जास्त त्रासाची. खडी चिकटवल्यावर इंजिन एकाच जागी थांबायला लागलं, रूळ पुसले, चाकं पुसली, तीन दिवस गेले. शेवटी वीज तपासायचा मल्टिमीटर लावला तर खडीचा गोंद झिरपून रुळांच्या जोडपट्टीत गेला होता आणि वीजच पुढे जात नव्हती. तेव्हापासून प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून बारीक तार सोल्डर करते, जुन्या चार्जिंग केबलमधल्या तारा त्याला छान, आणि खडी टाकायच्या आधी इंजिन सगळीकडे अगदी हळू चालतंय का बघते. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ तर गोंद नेतच नाही.

वीज म्हणजे भीती वाटते लोकांना. भिंतीतली वीज इथे हाताळायचीच नाही, मोबाइलचा चार्जर घ्यायचा, तो उघडायचा नाही, फक्त त्याच्या बाहेर येणाऱ्या ५ व्होल्टच्या दोन तारा वापरायच्या आणि मध्ये एक छोटा पॉलिफ्यूज (जास्त वीज गेली की ती आपोआप अडवणारा) टाकायचा, कारण घसरलेलं चाक दोन्ही रुळांना टेकलं की शॉर्ट होतो. १२ व्होल्टची मोटर ५ व्होल्टवर हळू चालते, आपल्याला तेच हवंय. विजेची दिशा उलटवायला सहा पायांचा डीपीडीटी स्विच घ्यायचा, मधल्या दोन पायांवर चार्जर, टोकाच्या चार पायांना तिरपी, म्हणजे कोपऱ्याला समोरचा कोपरा अशी जोडणी करून रुळाकडे तारा, की पुढे-मागे झालं. सांधा बदलायला रिफिलच्या रिकाम्या नळीतून गेलेली तार, ती फळीच्या कडेला बाहेर येते, ओढली की पाती सरकतात. रूळ साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांत घाण अजून धरते.

पैसे कुठे वाचवू नयेत हे पण स्पष्ट सांगते, चाकं आणि रूळ. बाकी सगळं पुठ्ठ्याचं चालेल, पण वाकडी चाकं असलेली वॅगन प्रत्येक सांध्यावर पडते आणि मग तो लेआउट कोणी परत बाहेर काढत नाही.

जगात या लहान लेआउटचा रीतसर पंथ आहे, कार्ल आरेंट यांनी ४ चौरस फुटांच्या आतल्या लेआउटला मायक्रो म्हटलं आणि अशा लेआउटचा प्रचंड संग्रह केला. त्या मोजमापात माझ्यासारख्या तीन फळ्या बसतील.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी या छंदावर पान काढाल तेव्हा हॉलभरच्या लेआउटसोबत एक तरी फोटो टेबलावर मावणाऱ्या लेआउटचा छापा. खाली फळीची लांबी-रुंदी द्या, कशाचं काय केलंय ते द्या, आणि फोटोत इंजिनाशेजारी एक काडेपेटी ठेवायला सांगा, म्हणजे बघणाऱ्याला आकार लगेच कळेल.

आपली,
एक नियमित वाचक