टोकियोहून आबांना

टोकियो

ती. आबा,
साष्टांग नमस्कार.

"जपानी पैलवान बघितलेस का?" असं तुम्ही विचारलंत. बघितले, आबा. एकाशी झोंबूनही आले. फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहितेय.

सुमोची खरी स्पर्धा इथे कोकुगिकान या सुमोच्या मोठ्या सभागृहात जानेवारी, मे आणि सप्टेंबरात भरते, प्रत्येक वेळी १५ दिवस. सध्या ती नाही, म्हणून टोकियोतल्याच असाकुसा भागात एका कार्यक्रमाला गेले. मध्ये आखाडा, भोवती जेवणाची टेबलं, आणि लढणारे सगळे निवृत्त पैलवान. जाताना धाकधूक होती, पैलवानकीचा नुसता खेळ मांडला असेल तर बघवणार नाही म्हणून.

पण पहिल्याने पाय उचलला आणि माझा जीव भांड्यात पडला. एका पायावर ते एवढं वजन तोलून दुसरा पाय खांद्याच्याही वर, सरळ. गुडघ्याला पट्टी बांधलेली. मी पुढेच बसले होते, त्यामुळे टेकलेल्या पायाचा अंगठा चटईत कसा रुतत होता ते दिसलं. तुमचा हौद्यात रुतायचा तसाच.

चितपट करावं लागत नाही इथे. तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला, किंवा रिंगणाबाहेर पाय पडला, की हरला. रिंगण अवघं ४.५५ मीटरचं आणि वजनाचे गट नाहीत. लढतीआधी मूठभर मीठ उधळून आखाडा शुद्ध करतात. आपण मातीत हळद, ताक, लिंबू घालतो ते आठवलं.

जेवायला चांको-नाबे होतं, म्हणजे त्यांचा खुराक. कोंबडीचा रस्सा, त्यात कोबी, मुळा, टोफू, अळंबी, सगळं टेबलावरच उकळत असतं. हे लोक सकाळी उपाशी पोटी मेहनत करतात आणि मग यावर बसतात. कोंबडी शुभ मानतात, कारण ती दोन पायांवर उभी असते. चार पायांचं जनावर म्हणजे हात टेकलेला पैलवान!

आता खरी गोष्ट. लढणाऱ्या पैलवानाच्या डोक्यावर केसांची गाठ असते. या लोकांचे केस मात्र आपल्यासारखे कापलेले. निवृत्तीला मोठा समारंभ होतो. सोबती, हितचिंतक एकेक करून पुढे येतात, थोडी थोडी कात्री लावतात आणि शेवटचा घाव वस्ताद घालतो. भले भले तिथे रडतात म्हणे. आबा, तुम्ही लंगोट धुऊन ट्रंकेत ठेवलात त्या दिवशी घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आई भाकऱ्या थापत राहिली, मी अभ्यास करत राहिले. आम्ही तेव्हा तुमच्याजवळ येऊन बसायला हवं होतं.

शेवटी प्रेक्षकांना आखाड्यात बोलावलं. व्यावसायिक सुमोच्या आखाड्यात बाईला पाय ठेवू देत नाहीत, पण इथे चालतं. मी गेले. दोन्ही हात त्याच्या छातीला लावून सगळा जोर लावला. तो हलला नाही. त्याने खुणेनेच मला कंबर खाली घ्यायला सांगितलं, आणि पुन्हा रेटल्यावर अर्धं पाऊल मागे सरकला. मुद्दाम सरकला हे मला कळलं, तरी डोळे भरून आले. लहानपणी तुमच्या दुधाची किटली घेऊन मी तालमीच्या उंबऱ्याशी उभी राहायचे, आत कधी आले नाही.

दिवाळीला येतेय. गुडघ्याला तेल लावत जा. आणि एकदा मला तालमीत घेऊन चला, हौद्यापर्यंत.

तुमची,
छकुली