आई-बाबा, एकदा त्या माणसांना भेटाच

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर नीट बोलणं होत नाही, बाबांचा आवाज हल्ली खूप बारीक येतो आणि आई "सगळं ठीक आहे गं" म्हणून विषय बदलते, म्हणून लिहितेय.

मी इथे पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला जाऊन आले. बाबांसारखा पार्किन्सन्स असलेल्या पेशंटला तिथे शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. एक काका आत येताना दारातच अडकले, पाय उचलेचना. कोणी ओढलं नाही की घाई केली नाही, शेजारच्या काकू फक्त "एक-दोन, एक-दोन" म्हणत राहिल्या आणि काका त्या तालावर चालत आत आले. बाबा, तुमचं पण बाथरूमच्या दाराशी असंच होतं ना? डॉक्टर चांगलेच आहेत हो, पण ओपीडीत एवढी गर्दी असते, तिथे दाराचा विषय निघणार कधी?

गोळ्यांचं पण कळलं. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी डाळ, दूध, पनीर असल्या जेवणासोबत घेतली तर काही जणांना कमी लागू पडते, म्हणून बरेच जण जेवणाआधी अर्धा तास घेतात. पण वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच, हे तिथेही सगळे बजावत होते.

चहाचे कप मुद्दाम अर्धेच भरलेले. कोणाचा हात थरथरला, थोडा चहा सांडला तरी कोणी वळून बघत नाही. बाबा, तुम्ही सावाना वाचनालयात पेपर वाचायला जाणं सोडलंत, कृषीनगरचा ट्रॅक सोडलात, बाहेर पडलात तरी हात खिशात. तिथे खिशात हात घालायची गरजच पडणार नाही.

आणि आई, खरं तर हे पत्र तुझ्यासाठी जास्त आहे. रात्री बाबांना कूस बदलून द्यायला तू उठतेस आणि सकाळी परत कुकर लावतेस. तिथे एक बाई म्हणाल्या, "मला कधीकधी ह्यांचा इतका राग येतो आणि मग माझंच मला रडू येतं." आजूबाजूच्या कितीतरी माना हलल्या, "असं बोलू नये" असं कोणीच म्हटलं नाही. मी किंवा मावशी तुला "काळजी घे" म्हणू शकतो, त्यापुढे आम्हाला काय कळतंय, जावे त्याच्या वंशा हेच खरं. बोलायची सक्ती नाही, नुसतं बसलीस तरी चालतं, आणि तिथलं बोलणं बाहेर जात नाही.

११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो (१८१७ मध्ये ज्यांनी या आजारावर लिहिलं त्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांचा वाढदिवस), त्या सुमाराला तुम्ही दोघं इकडे या, आपण तिघं सभेला जाऊ. पण दर वेळी पुण्याला येणं जमणार नाही, म्हणून डॉक्टरांच्या रिसेप्शनला तुमचा नंबर देऊन ठेवूया, नाशिकमधल्या अजून कोणाला भेटायचं असेल तर त्यांनी फोन करावा. दोन-तीन घरं जमली तरी आपल्या इंदिरानगरच्या हॉलमध्ये मावतील, चहा-पोह्यांचं मी येऊन बघते.

आई, रात्री-बेरात्री फारच जीव घाबरा झाला तर मनावर ताण आला की बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. फ्रिजवर लिहून ठेव.

मी शनिवारी येतेय. तोपर्यंत तुम्ही दोघांनी बोलून ठेवा, आणि बाबा, नाही म्हणायचं असेल तर मी आल्यावर समोर बसून म्हणा.

तुमची,
ताई