पुणेकर संघासाठी बंगळुरूपर्यंत

महोदय,

‘पुण्यात फुटबॉल कोण बघतं?’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. ११ मार्च २०१८ ला बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर आम्ही बघत होतो. एफसी पुणे सिटी पहिल्यांदाच इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत गेली होती. बंगळुरू एफसीविरुद्धच्या दोन सामन्यांपैकी बालेवाडीतला पहिला ०-० सुटला होता, त्यामुळे आशा होती. रात्रीच्या बसने आठशेहून अधिक किलोमीटर गेलो आणि निळ्या गर्दीच्या एका कोपऱ्यात नारिंगी जर्सी घालून बसलो. धावपट्टीमुळे मैदान इतकं लांब, की आमच्या घोषणा खेळाडूंपर्यंत पोहोचल्या असतील याची खात्री नाही.

बंगळुरूच्या सुनील छेत्रीने आधी हेडरवर गोल मारला, मग पेनल्टीवर. आमच्या जोनाथन लुकाची फ्री किक जाळ्यात गेली तेव्हा २-१ झालं. आणखी एक गोल आणि बरोबरी! ती काही मिनिटं तिकिटाचे सगळे पैसे वसूल करून गेली. शेवटी छेत्रीनेच हॅटट्रिक पूर्ण केली, ३-१. शेजारच्या बंगळुरूकरांनी पाणी दिलं, चिडवलंही. चालायचंच.

त्या हरण्याचं दुःख केव्हाच ओसरलं. २०१९ मध्ये संघच बंद झाला, त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला आणि २०२१-२२ चा करंडकही जिंकला, हे मात्र अजून बोचतं. पुण्याला पुन्हा व्यावसायिक संघ मिळावा, म्हणून क्रीडा खात्याने आणि उद्योजकांनी एकत्र बसावं. बसचं तिकीट काढायला आम्ही तयार आहोत.

– एक फुटबॉलप्रेमी, कोथरूड, पुणे