नीटला वयाची वरची अट नाही, हे एकदा ठळक छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात नीटमध्ये, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत, चांगले मार्क पडलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलांचं पान आलं. वाचून खरंच खूप बरं वाटलं, त्यातली एक मुलगी आमच्या शेजारच्या वाडीतली आहे, तिचे वडील बोटीवर खलाशी म्हणून जातात, तिचा फोटो आमच्या घरी सगळ्यांनी बघितला. पण त्याच पानावर माहितीची चौकट होती त्यात 'वयोमर्यादा 17 ते 25' असं छापून आलंय. ते चुकीचं आहे, आणि ही चूक माझ्यासारख्यांची वर्षं खाते म्हणून हे पत्र लिहितेय.

नीटला वरची वयोमर्यादा आता नाहीये. आधी होती, ओपनला 25 आणि राखीवला 30. 2018 ला दिल्ली हायकोर्टानं ती कायम ठेवली, मग त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं जास्त वयाच्या मुलांना तात्पुरतं परीक्षेला बसू दिलं, आणि ऑक्टोबर 2021 च्या बैठकीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ती अट काढूनच टाकली. मार्च 2022 मध्ये हे जाहीर झालं, तेव्हा सगळीकडे बातमी होती. फक्त खालची अट राहिली, ॲडमिशनच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत. बस. 2020 ला ओडिशातल्या एका 64 वर्षांच्या रिटायर्ड बँक अधिकाऱ्यांनी नीट पास होऊन बुर्लाच्या सरकारी मेडिकल कॉलेजला ॲडमिशन घेतली होती.

माझं वय 31. राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात राहते, डीएमएलटी म्हणजे लॅबचा डिप्लोमा झालाय, लॅबमध्ये काम करते. मला हे सगळं दोन वर्षांपूर्वी कळलं, तेही आपलं आपण मोबाईलवर नीटचं माहितीपत्रक वाचताना. त्याआधी मी एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर तिथले क्लार्क म्हणाले तुमचं वय संपलं आता. एका क्लासमध्ये गेले तर फोनवर बोलता बोलताच सांगितलं की मॅडम बारावीला इतके कमी असतील तर काही उपयोग नाही. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात तर मुलीचा फॉर्म भरायचाय का असं विचारलं. कुणी वाईट हेतूनं बोललं नाही, त्यांना माहीतच नव्हतं. आणि मी तरी काय, तीन ठिकाणी नाही ऐकलं आणि गप्प बसले, मधली दोन वर्षं तशीच गेली.

आता मार्कांचं सांगते, कारण वयापेक्षा लोक मार्कांना जास्त घाबरतात. मला दहावीला 86 टक्के होते. बारावी 2012 ची, त्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला, आंब्याच्या कलमांची सगळी कामं आईवर पडली आणि मी फिजिक्सला नापास झाले. ऑक्टोबरला परत बसून 41 मार्कांनी सुटले. केमिस्ट्री 47, बायोलॉजी 83. हे मार्कशीट मी कितीतरी वर्षं कुणाला दाखवलं नाही, आईनं ट्रंकेत ठेवलेलं, दर पावसाळ्यात त्याच्या कडेला बुरशी धरायची आणि ती सुक्या फडक्यानं पुसून परत ठेवायची. दोन वर्षांपूर्वी ते बाहेर काढून बेरीज केली. 300 पैकी 171, म्हणजे 57 टक्के. ओपनला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी मिळून 50 टक्के लागतात, राखीवला 40. म्हणजे मी सगळा वेळ पात्रच होते! बारावीचे मार्क एवढ्यापुरतेच बघतात, त्या रेषेच्या वर असलात की 57 वाला आणि 97 वाला सारखेच, मेरिट लागतं ते नीटच्या 720 वर. ज्यांचे 50 टक्केसुद्धा होत नाहीत त्यांना बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेची चौकशी करता येते, आणि ज्यांनी बारावीला बायोलॉजी घेतलंच नव्हतं त्यांनाही नोव्हेंबर 2023 पासून मान्यताप्राप्त बोर्डातून तो जादा विषय म्हणून देऊन नीटला बसता येतं. हे कुठल्या नोटीस बोर्डावर लागलेलं मी तरी बघितलं नाही.

लोक विचारतात आता कशाला. आई पण म्हणाली, आता ह्या वयात कशाला गो बाये. तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. आधी मी एका छोट्या हॉस्पिटलच्या लॅबला होते. एका संध्याकाळी बागेत गवत काढणाऱ्या माणसाला फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं म्हणून आणलं, पाय सुजलेला, हिरड्यातून रक्त येत होतं. डॉक्टर रत्नागिरीला गेलेले. अशा वेळी एक साधी टेस्ट असते, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही आणि मग नळी तिरकी करून बघायची. मी घड्याळ लावून नळीसमोर बसले, बाहेर त्या माणसाची बायको दाराला धरून उभी. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. म्हणजे विष रक्तात भिनलेलं आणि अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, लगेच हवं. हे मला कळत होतं आणि मला ते द्यायचा अधिकार नव्हता. डॉक्टरांना फोन केला, 108 ची ॲम्ब्युलन्स बोलावली, सिस्टर बरोबर गेल्या, तो माणूस वाचला. पण तो गाडीत चढेपर्यंतचा वेळ माझ्या डोक्यातून जात नाही. त्या रात्री मी ट्रंक उघडली.

आता तयारी करतेय. सकाळी सहाला लॅब, पावसात भातलावणी सुरू झाली की लेप्टो तापाच्या तपासण्या वाढतात मग दुपार कधी होते कळत नाही, रात्री साडेनऊनंतर फिजिक्स. बायोलॉजी मला कामामुळे समजते, फिजिक्ससाठी अकरावीपासून परत सुरुवात केलीये. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, पण ते फॉर्म भरतानाच निवडावं लागतं आणि बरोबर इंग्लिश असतंच, ह्याची माहिती पण मुलांना नसते. आणि परीक्षा बहुतेक असते मे महिन्याच्या पहिल्या रविवारी. तुम्ही कोकणातला पेपर चालवता तर तुम्हाला वेगळं सांगायला नको, तेव्हा हापूस ऐन भरात असतो, ज्यांच्या घरी चार कलमं आहेत किंवा जे दुसऱ्याच्या बागेत पेट्या भरायला जातात त्यांचा एप्रिल पूर्ण त्यातच जातो. माझा पहिला अटेम्प्ट असाच गेला, दिवसा लॅब, रात्री दोनपर्यंत पेंढ्यात आंबे लावणं, पेपरात शेवटचे तीस प्रश्न वाचूनसुद्धा झाले नाहीत. तीन तासात 180 प्रश्न म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, चुकलं की एक मार्क जातो, ह्याचा सराव घड्याळ लावूनच करावा लागतो आणि त्यासाठी आमच्या तालुक्यात नोकरी करणाऱ्यांसाठी रविवारची टेस्ट सिरीज मला सापडली नाही.

काही जण म्हणतात मोठ्या वयाच्यांनी सीट घेतली तर तरुण मुलाची जाते. मी ह्यावर खूप विचार केलाय. सीट नीटच्या मार्कांवरच मिळणार, वयाचा एक मार्क जास्त मिळत नाही. साडेचार वर्षं कोर्स, एक वर्ष इंटर्नशिप, समजा पुढच्या वर्षी लागला नंबर तर मी अडतिशीच्या आसपास डॉक्टर होईन, सरकारी कॉलेजला एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉण्ड असतो तो मी माझ्याच भागात मागून घेईन, आणि त्यानंतर वीसपंचवीस वर्षं इथेच आहे, माझं घर, आईबाबा, कलमं सगळं इथेच आहे. रखमाबाई राऊत 1889 ला लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या तेव्हा त्या पंचविशीत होत्या, कोर्टकचेऱ्या सोसून झालेल्या, आणि परत येऊन किती वर्षं बायकांचं हॉस्पिटल सांभाळलं. आपल्याकडे आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मी बारावी झाले तेव्हा ह्यातलं एकही नव्हतं. तिथून शिकून इथेच राहणारी माणसं हवी असतील तर नर्स, लॅबवाले, फार्मसीवाले, आशाताई यांच्यात पण शोधा ना, ह्यातल्या कितीजणी हुशार आहेत आणि घरच्या एखाद्या वाईट वर्षामुळे मागे राहिल्या हे मी रोज बघते.

माझी विनंती एवढीच आहे. ती चौकट दुरुस्त करून परत छापा, त्याच जागेवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. वयाची वरची अट नाही, बारावीला 50 किंवा 40 टक्के, जादा विषयाची सोय, मराठी पेपर, शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं ते आधीच करून ठेवा, आणि 8 लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी माफ आहे, हे पण त्यात घाला. फॉर्म सुरू व्हायच्या आधी छापलंत तर बरं होईल. आमच्या लॅबमध्ये तुमचा पेपर येतो, मी ते कात्रण काउंटरच्या काचेला लावणार आहे, रिपोर्टला थांबलेली माणसं तिथलं सगळं वाचतात.

तुमची एक वाचक,
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी