बाबा, हा कपाटात ठेवायचा नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दादा पुढच्या आठवड्यात निघतोय. त्याच्या सामानात एक पिवळ्या मुठीचा चाकू दिलाय. नाव दोघांचं, पण खरं तर बाबांसाठीच. चेक-इनच्या बॅगेतच ठेव असं त्याला बजावलंय, हातातल्या बॅगेत राहिला तर विमानतळावरच जप्त होईल. आई, खोका उघडून, शेजारच्या काकूंना दाखवून तो गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली जाणार हे मला आत्ताच दिसतंय. मी पाठवलेली टॉर्च तिथेच आहे ना अजून? म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेलं की बाबा "हो हो" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात.

चाकू घडीचा आहे, तीन पात्यांचा. मिटलेला सव्वाचार इंच. इथे अमेरिकेत या घाटणीला 'स्टॉकमन' म्हणतात, म्हणजे गुरंढोरं सांभाळणाऱ्याचा चाकू. केस नावाच्या कंपनीचा आहे. ही मंडळी १९०५ पासून ब्रॅडफर्ड या गावात चाकू करतात. ब्रॅडफर्ड आमच्या पिट्सबर्गच्या उत्तरेला, डोंगरातलं छोटं गाव. एके काळी तेलाच्या विहिरींसाठी गाजलेलं. झिपोचे लायटरही तिथलेच, आणि १९९३ पासून केस कंपनी झिपोच्याच मालकीची आहे. दोघांचं मिळून एक संग्रहालय आहे, ते दादाला दाखवून आणलं. लायटर घेतलेला नाही, आई, काळजी नको.

बाबा, आता तुमच्याशी. हातात आला की आधी तो पाठीकडून उजेडासमोर धरा. स्टीलच्या दोन स्प्रिंगा दिसतील, त्यांच्यामध्ये आणि दोन्ही अंगांना पितळेचा पातळ पत्रा, वर पिवळी मूठ, टोकांना निकल सिल्व्हरच्या टोप्या. हे सगळं आरपार खिळे घालून रिव्हेट केलेलं आहे, स्क्रू एकही नाही. मी तो खिडकीपाशी फिरवून फिरवून पाहिला, कुठल्याही फटीतून उजेड आला नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात तुम्ही फटी मोजायचं फीलर गेज घेऊन बसायचात, तसे याच्याही मागे लागा. मला निकाल हवाय.

पाती तीन आणि स्प्रिंगा दोनच, हे लक्षात आलं का? एका स्प्रिंगेच्या दोन्ही टोकांना एकेक पातं आहे, दुसरीवर एकटंच. मिटल्यावर ही तिन्ही एवढ्याशा जागेत शेजारी शेजारी बसायची आणि एकमेकांना घासायची नाहीत. त्यासाठी कारागीर पात्याला मुळाशी हातोडीने किंचित वाकवतो. म्हणजे आधी सरळ घासून, पाणी देऊन तयार केलेलं पातं शेवटी डोळ्याच्या अंदाजाने वाकडं करायचं. जास्त वाकलं तर शेजारच्यावर ओरखडा, कमी वाकलं तरी तेच. तुम्ही थाऊ-थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, हिशेब करत आयुष्य काढलंत, तुम्हाला हे पटणार नाही. पण पाती उघडून वरून बघा, बाक दिसेल.

उघडण्यासाठी नखाची खाच आहे. पातं पूर्ण उघडलं की टक्क असा आवाज येतो, मिटताना पुन्हा. इथले शौकीन याला चाकूचं चालणं-बोलणं म्हणतात आणि दुकानात कानाशी धरून तेवढंच ऐकत बसतात. मला आधी हसू यायचं, आता मीही ऐकते. आवाज पोचट असेल तर स्प्रिंग ढिली समजायची. मात्र पात्याला कुलूप नाही. उघडं राहतं ते फक्त स्प्रिंगेच्या दाबावर. त्यामुळे टोचायला, भोक पाडायला वापरू नका, उलटा दाब आला तर बोटांवर मिटेल. मोठा साइज मुद्दाम घेतला. लहान चाकूची खाच बारीक असते, आणि तुमची बोटं सकाळी आखडतात.

पात्याच्या बुडाशी ३३७५ असा आकडा आहे. पहिला ३ म्हणजे पिवळी कृत्रिम मूठ, दुसरा ३ म्हणजे तीन पाती, ७५ हा साच्याचा नंबर. पहिला आकडा ६ असता तर मूठ हाडाची असती, आणि ते हाड गुराचं असतं. दिसायला हाडाच्याच मुठी देखण्या, खोटं कशाला बोलू. पण तो चाकू आईने उंबऱ्याच्या आत घेतला नसता. तेव्हा पिवळा. शेतात, गवतात पडला तर लगेच दिसतो, म्हणून इथले शेतकरीही पिवळाच पसंत करतात म्हणे.

तुम्हाला आवडेल अशी आणखी एक गंमत. १९७० साली या कंपनीने पात्यावर दहा ठिपके उठवले आणि मग दर वर्षी एक कमी करत गेले. १९७१ चे नऊ, १९७९ चा एक. जुन्या बाजारात मला चार ठिपक्यांचा एक दिसला, म्हणजे १९७६ चा, तुम्ही नोकरीला लागलात त्या सालचा. हातात घेतला, उघडला, मिटला. आवाज अजून खणखणीत. पण मूठ हाडाची. ठेवून दिला.

आता पाती. लांबट, टोकाकडे थोडं खोलगट कापलेलं ते क्लिप, रोजच्या कामाचं. सरळ धारेचं आणि बोथट नाकाचं ते शीपफूट. मेंढ्यांचे खूर साळायला केलेलं, पण सुतळी, पार्सल, वायरचं प्लास्टिक यांना याच्यासारखं दुसरं नाही, कारण सबंध धार एकाच वेळी टेकते आणि टोक आत घुसत नाही. तिसऱ्याचं नाव स्पे. ते जनावरं खच्ची करण्यासाठी होतं. नाक मुरडू नकोस आई, आपला कोरा आहे.

बाबा कलम करताना गुलाबाला डोळे भरतात ते दाढीच्या अर्ध्या ब्लेडने, नुसतं चिमटीत धरून. मागच्या फोटोत फूल छान होतं, पण मी अंगठ्यावरची पट्टी पाहिली. यापुढे खोडावर चीर द्यायला आणि डोळा काढायला क्लिप घ्या, साल उचलायला ते बोथट टोकाचं स्पे. कलमाच्या खास चाकूची सर याला नाही, पण अर्ध्या ब्लेडपेक्षा शंभरपट बरा.

पोलाद क्रोम-व्हॅनेडियमचं आहे, स्टेनलेस नाही. स्टेनलेसचाही मिळतो. हा घेतला कारण तुमच्या ऑइलस्टोनवर याला झटकन धार येते. १५ ते २० अंश पुरे. पण गंजतो. कैरी, लिंबू, चिंच लागली की पातं निळसर-करडं होईल, आईच्या विळीसारखं. ते बिघडणं नव्हे, घासून पांढरं करू नका. काम झालं की कोरडं पुसायचं आणि सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. पावसाळ्यात जरा जास्त लक्ष. खोबरेल किंवा गोडंतेल सांध्यात घालू नका, चिकटा धरतं.

आता बाबांचा आक्षेप. "खिशात चाकू गुंड ठेवतात." सिनेमातल्या खलनायकांनी रामपुरीचं नाव असं काढलं की आपल्याकडे खिशातला चाकू म्हटलं की खटक्याचाच डोळ्यासमोर येतो. हा दोन हातांनी, नख लावून उघडावा लागतो. याने कुणाला धमकी द्यायची तर आधी "जरा थांबा हं" म्हणावं लागेल. इकडे खेड्यांतले म्हातारे विजारीच्या खिशात किल्ल्या ठेवाव्यात तसा चाकू ठेवतात, सफरचंद कापायचं आणि त्याच चाकूने दोरीही कापायची. मोठ्या देवळात, कोर्टात, जिथे तपासणी असते तिथे जाताना घरी ठेवा. बाकी बागेत, बँकेच्या रांगेनंतर नारळपाणी पिताना, दादाच्या गाडीत, कुठेही खिशात असू द्या. सदऱ्याच्या नव्हे, विजारीच्या. वाकलात की सदऱ्याच्या खिशातून पडेल.

आणि आई, धारदार वस्तू भेट देऊ नये, नातं तुटतं, हे तू म्हणणारच. इथेही तेच म्हणतात. त्यावर तोडगा असा की घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणं द्यायचं, म्हणजे भेट न राहता खरेदी होते. बाबांनी एक रुपया दादाकडे द्यावा. किंमत विचारू नये.

दादा परत येताना त्याच्याबरोबर मेतकूट आणि भडंग पाठव. भडंग लसूण जास्त घातलेलं. आणि बाबा, स्प्रिंगांच्या फटीचं काय ते नक्की कळवा. तिथे काही सापडलंच तर मला ऐकायचंय.

तुमची,
मनू