उजनीत गेलेलं आमचं गाव कागदावर दाखवणाऱ्या सरांना

नमस्कार सर,

नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण आभार मानायचे राहिले तर दादा, म्हणजे आमचे वडील, मला घरात घेणार नाहीत.

उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं, त्याच्या आधीच आमचं गाव उठलं, आणि तेव्हापासून दादांचं एकच, जुना नकाशा कुठं मिळतो का बघ रे. एका ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले, पाण्याखालच्या गावाचा नकाशा घेऊन काय शेती करणार का? शेजारच्या टेबलावर टोपोशीट, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, काय असते हेच माहीत नव्हतं. असो, त्यांच्यापायी तुमचं पत्र कशाला नासवू.

तुम्ही सर्वे ऑफ इंडियाची ती एक इंचाला एक मैलवाली जुनी शीट काढलीत, आणि धरणाची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर म्हणजे साधारण १६३० फूट असा हिशोब करून १६०० आणि १६५० फुटांच्या कंटूरच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघांच्या, मधून निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढलीत. ती रेघ भीमा सोडून ओढ्याओढ्यानं किती आत शिरते ते बघितलं तेव्हा कळलं, नदीपासून एवढं लांबचं आमचं रान का गेलं ते. आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, नोटिसा तेवढ्या आल्या.

पण खरं सांगू का, दादांना रडवलं ते त्या रेघेनं नाही. नकाशावर सगळी नावं इंग्रजीत, दादा मराठी चौथी शिकलेले. वाचणार कोण, एवढंच तुम्ही विचारलंत, आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवर प्रत्येक वाडीखाली, ओढ्याखाली, देवळाच्या खुणेशेजारी बारीक देवनागरीत नाव लिहून दिलंत. जिथं नाव छापलेलंच नव्हतं, नुसती घरांची लाल टिंबं होती, तिथं जागा मोकळी ठेवून लिहिलंत, 'वडलांना विचार'. अहो, चाळीस-पन्नास वर्षांत दादांना कुणी काही विचारलं असेल तर ते तुम्हीच! पगार नाही, पावती नाही, तरी माणूस असं काम करतो, अशी माणसं आहेत म्हणून चाललंय सगळं.

त्या जागा आता भरल्यात, दादा बोलले, मी लिहिलं. फक्त एक भानगड झालीये. दादा म्हणतात आमची विहीर ओढ्याच्या अलीकडं होती, नकाशात पलीकडं दाखवलीय, सर्वेवाला चुकला. उन्हाळ्यात पाणी उतरून पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की या इकडं, तुम्ही दोघं काय ते मिटवा, मी मध्ये पडत नाही.